विश्लेषण : कार्यालयातील संगणकावरच्या फायली एका रात्रीत ‘गायब’ का होतात?

सकाळी संगणक सुरू केला, पासवर्ड टाकला आणि समोर कोरा डेस्कटॉप. काल संध्याकाळी सेव्ह केलेली एक्सेल फाइल नाही. ‘डॉक्युमेंट्स’ उघडले तर तेही रिकामे. आर्थिक वर्ष संपताना लेखा विभागात हा प्रकार घडला की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा शेजारच्या टेबलावर. पण डोमेनला जोडलेल्या कार्यालयीन संगणकांवर अनेकदा या फायली जागच्या जागीच असतात. ती जागा त्या संगणकात नसते, एवढेच. मधला रस्ता तुटला की फायली दिसेनाशा होतात. तो रस्ता कसा बांधलेला असतो, कुठे तुटतो आणि घाईघाईने दुरुस्त करताना फायली खरोखरच कशा नष्ट होऊ शकतात, याविषयी...

फोल्डर रीडायरेक्शन म्हणजे नेमके काय?

विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर साधारणपणे त्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. मोठ्या कार्यालयात ही सोय अडचणीची ठरते. कर्मचारी दुसऱ्या टेबलावर बसला तर फायली मागेच राहतात आणि डिस्क बिघडली तर वर्षाचे काम जाते. यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये उपाय आणला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी या दोन्ही गोष्टी त्याच आवृत्तीत आल्या आणि त्यांच्या जोडीने फोल्डर रीडायरेक्शनही आले. डॉक्युमेंट्स हे नाव तेच राहते, चिन्ह तेच राहते, पण त्यामागचा पत्ता सी ड्राइव्हऐवजी सर्व्हरवरील शेअर केलेल्या फोल्डरचा असतो. टपाल कार्यालयात पत्ताबदलाचा अर्ज दिल्यावर पत्रे नव्या घरी जाऊ लागतात, तसेच हे. वापरकर्त्याला याचा पत्ताही लागत नाही आणि लागू नये, हाच त्यामागचा हेतू आहे. गोंधळाचे मूळही तेच. सगळे सुरळीत असते तोवर आपल्या फायली कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसते.

विंडोज व्हिस्टापासून अशी १३ फोल्डर सर्व्हरवर वळवता येतात. त्यात डाउनलोड्स, फेव्हरिट्स, कॉन्टॅक्ट्स, इतकेच काय, सेव्ह्ड गेम्ससुद्धा आहे. बहुतेक कार्यालये मात्र डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तिघांवर थांबतात आणि ते शहाणपणाचेही आहे. अ‍ॅपडेटा हे फोल्डर वळवणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक सॉफ्टवेअर त्यात सतत काही ना काही लिहीत-वाचत असते आणि नेटवर्क थोडे जरी अडखळले तरी सगळा संगणकच अडखळतो.

आपल्या फायली सर्व्हरवर आहेत, हे कसे ओळखावे?

डॉक्युमेंट्सवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास ‘लोकेशन’समोर पत्ता दिसतो. तो सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर फायली संगणकातच आहेत. सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेषा आणि मग सर्व्हरचे नाव असेल तर त्या सर्व्हरवर आहेत. ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसला तर त्या क्लाउडशी जोडलेल्या आहेत. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. सगळे ठीक चालू असतानाच ती करून पत्त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवणे उत्तम, कारण बिघाड झाल्यावर हाच पत्ता बदललेला असू शकतो आणि जुना काय होता हे कुणालाच आठवत नाही.

तपासाची सुरुवात कुठून करायची?

इथे बहुतेक आयटी विभाग घाई करतात. तक्रार येताच संगणक रीस्टार्ट करा, मग प्रोफाइल नवे बनवा, मग फॉरमॅट करा, असा क्रम सुरू होतो. त्याआधी दोनच प्रश्न विचारले तर निम्मा शोध लागतो. हाच कर्मचारी दुसऱ्या संगणकावर बसला तर त्याला फायली दिसतात का? आणि दुसरा कर्मचारी याच संगणकावर बसला तर त्याला त्याच्या फायली दिसतात का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर दोष या संगणकात किंवा त्याच्या जोडणीत आहे. पहिल्याचे ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल तर दोष त्या व्यक्तीच्या खात्यात, परवानग्यांत किंवा तिला लागू होणाऱ्या धोरणात आहे. कुणालाच काही दिसत नसेल तर सर्व्हरकडे धावावे. तिथे डिस्क भरलेली असणे, हे अगदी साधे कारणही असू शकते.

यानंतर संगणकाची स्वतःची नोंदवही पाहायची. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ या विभागात फोल्डर रीडायरेक्शनच्या नोंदी असतात. धोरण लागू करताना अपयश आले की ५०२ क्रमांकाची नोंद पडते. तिच्यात कोणते फोल्डर, कोणत्या पत्त्यावर न्यायचे होते आणि का जमले नाही, हे तिन्ही लिहिलेले असते. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ असे असेल तर परवानग्या तपासाव्यात. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असे असेल तर सर्व्हरचे नाव आणि जोडणी. आणि ५०२ ची नोंदच नसेल, तर बहुधा धोरण त्या व्यक्तीपर्यंत पोहोचलेलेच नाही. ते पाहण्यासाठी ‘जीपीरिझल्ट’ ही आज्ञा आहे. कोणते धोरण लागू झाले, कोणते नाकारले गेले आणि का, याचा अहवाल ती वेबपानाच्या रूपात देते. हे सगळे विंडोजमध्येच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तरीही ते न उघडताच संगणक फॉरमॅट करणारे कमी नाहीत.

धोरण बदलले तरी लगेच परिणाम का दिसत नाही?

ग्रुप पॉलिसी पार्श्वभूमीवर दर ९० मिनिटांनी, त्यात शून्य ते ३० मिनिटांची भर पडून, ताजी होत असते. फोल्डर रीडायरेक्शन याला अपवाद आहे. कुणी फाइल उघडून काम करत असताना तिच्याखालचे फोल्डर हलवता येत नाही, म्हणून हे धोरण फक्त लॉग-इन होतानाच लागू होते. ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा दिल्यावर विंडोज लॉग-ऑफ करायला सुचवते, ते यामुळेच.

पण एकदा लॉग-ऑफ करूनही भागत नाही, असा अनुभव येतो. विंडोज एक्सपीपासून लॉग-इन झटपट व्हावे म्हणून संगणक नेटवर्कची वाट न पाहता जुन्या माहितीवर वापरकर्त्याला आत घेतो आणि धोरणे मागाहून वाचतो. त्या मागाहूनच्या वाचनात त्याला कळते की फोल्डर हलवायचे आहे, पण प्रत्यक्ष हलवणे पुढच्या लॉग-इनला होते. सुरक्षा गटांनुसार वेगवेगळे पत्ते ठेवले असतील तर तीन वेळाही लॉग-इन करावे लागू शकते. ‘संगणक सुरू होताना व लॉग-इनवेळी नेटवर्कची नेहमी वाट पाहा’ अशा अर्थाचे एक धोरण आहे. ते चालू केले की हा प्रश्न सुटतो, लॉग-इनला मात्र थोडा जास्त वेळ लागतो. कार्यालयातील स्थिर संगणकांवर तेवढी किंमत द्यायला हरकत नाही.

छोट्या कार्यालयांत आणखी एक दोष वारंवार आढळतो, डीएनएसचा. इंटरनेट कंपनीचा माणूस येतो, नवा राउटर बसवतो आणि सगळे संगणक त्या राउटरला किंवा एखाद्या सार्वजनिक डीएनएसला पत्ते विचारू लागतात. वेबसाइट झकास उघडतात, त्यामुळे नेटवर्क ठीक आहे असे वाटते. पण कार्यालयाच्या आतला डोमेन कंट्रोलर कुठे आहे, हे बाहेरच्या डीएनएसला ठाऊक असण्याचे कारणच नाही. मग धोरण मिळत नाही आणि सर्व्हरचे नावही ओळखले जात नाही. असाच दुसरा फसवा दोष घड्याळाचा. डोमेनमधील ओळखतपासणीची कर्बेरॉस पद्धत मूळ रचनेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली, घड्याळ काही वर्षे मागे गेले आणि सर्व्हरने दार उघडले नाही, असे जुन्या संगणकांवर घडते.

बदली झाली आणि फायली गेल्या, हे कसे?

हा प्रकार तांत्रिक कमी आणि प्रशासकीय जास्त आहे. धोरणे सहसा विभागवार लावलेली असतात. लेखा विभागातील कर्मचारी विक्री विभागात गेला की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्याचे खाते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवले जाते. जुन्या कप्प्याचे धोरण त्याच्यापुरते संपते. संपल्यावर काय करायचे, हे धोरण तयार करतानाच ठरवलेले असते. एक पर्याय असा की फोल्डर सर्व्हरवरच राहू द्यावे, मूळ रचनेत हाच निवडलेला असतो. दुसरा असा की फोल्डर पुन्हा संगणकावर आणावे. या दुसऱ्या पर्यायात ‘आतील सामग्री हलवा’ ही चौकट टिकमार्क केलेली असेल तर फायलींची प्रत संगणकावर येते आणि सर्व्हरवरची तशीच राहते. ती चौकट रिकामी असेल तर फोल्डर तेवढे परत येते, फायली सर्व्हरवरच राहतात आणि वापरकर्त्यासमोर कोरे डॉक्युमेंट्स उघडते. काहीही पुसले गेलेले नसते. अ‍ॅडमिनने सर्व्हरवर त्याचे जुने फोल्डर दाखवले की जीव भांड्यात पडतो.

धोरण न पोहोचण्याचे एक प्रसिद्ध कारण जून २०१६ मधले आहे. मायक्रोसॉफ्टने एमएस १६-०७२ नावाची सुरक्षा दुरुस्ती आणली. त्याआधी वापरकर्त्यासाठीचे धोरण सर्व्हरवरून वाचताना संगणक त्या वापरकर्त्याची ओळख दाखवत असे, दुरुस्तीनंतर तो स्वतःची ओळख दाखवू लागला. अनेक अ‍ॅडमिननी ठरावीक गटालाच धोरण लागू व्हावे म्हणून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ हा सर्वसाधारण गट यादीतून काढून टाकला होता. त्यांच्याकडे अपडेटनंतर संगणकाला ते धोरण वाचायचीच परवानगी उरली नाही. उपाय साधा आहे. धोरण लागू कुणालाही करा, पण वाचण्याची परवानगी ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला असू द्या. जुन्या धोरणाची नक्कल करून नवे बनवण्याच्या सवयीमुळे ही चूक आजही नव्याने जन्माला येते.

परवानग्यांचा गुंता कुठे होतो?

सर्व्हरवर एक मुख्य फोल्डर असते आणि त्यात प्रत्येकाच्या नावाचे एकेक उपफोल्डर. ही उपफोल्डर विंडोजलाच बनवू द्यावीत, हे महत्त्वाचे. मुख्य फोल्डरवर वापरकर्त्यांना फक्त यादी पाहण्याची आणि नवे फोल्डर बनवण्याची परवानगी हवी आणि तीही ‘फक्त या फोल्डरपुरती’. जो ते बनवेल त्याला, म्हणजे ‘क्रिएटर ओनर’ला, आतल्या गोष्टींचा पूर्ण ताबा. सिस्टीम खात्यालाही पूर्ण ताबा. ही घडी नीट बसली की कुणाला कुणाच्या फायली दिसत नाहीत.

गुंता होतो तो अतिउत्साहातून. नवा कर्मचारी रुजू होणार म्हणून अ‍ॅडमिन आधीच त्याच्या नावाचे फोल्डर हाताने बनवून ठेवतो. त्या फोल्डरचा मालक होतो अ‍ॅडमिन. धोरणात ‘वापरकर्त्याला अनन्य अधिकार द्या’ ही चौकट मूळ रचनेतच टिकमार्क केलेली असते. विंडोज मालक तपासते, तो वेगळाच निघतो, आणि ५०२ ची नोंद टाकून ती काम थांबवते. सर्व्हर बदलताना फायली अ‍ॅडमिनच्या खात्यातून नव्या ठिकाणी कॉपी केल्या तरी मालकीची हीच अदलाबदल होते. परवानग्यांच्या पानावर सगळे ठीक दिसते, म्हणून तास न् तास वाया जातात. पाहायचा असतो तो ‘ओनर’ हा रकाना.

या चौकटीला दुसरी बाजूही आहे. अनन्य अधिकार दिले की अ‍ॅडमिनलाही ते फोल्डर उघडता येत नाही. खासगीपणासाठी हे उत्तम, पण कर्मचारी अचानक नोकरी सोडून गेला की त्याच्या फायली मिळवण्यासाठी मालकी बळाने बदलावी लागते. चौकट काढली तर अ‍ॅडमिनला सगळे उघडे. तेव्हा एक गमतीदार घोटाळाही दिसू शकतो. सर्व्हरवर कर्मचाऱ्यांच्या नावांऐवजी ‘डॉक्युमेंट्स’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डॉक्युमेंट्स’ अशी एकाच नावाची रांग. त्यामागे प्रत्येक फोल्डरमधली ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ ही लपलेली छोटी फाइल असते. तिच्यात दाखवायचे नाव लिहिलेले असते आणि अ‍ॅडमिनला ती वाचता आली की एक्सप्लोरर खऱ्या नावाऐवजी तेच दाखवतो. फोल्डरांची खरी नावे शाबूत असतात.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांसाठी एक जादा बाब. विंडोजमध्ये पत्त्यासकट फाइलच्या नावाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि अनेक सॉफ्टवेअर ती आजही पाळतात. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘प्रस्ताव’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र आठ मोजतो. सी ड्राइव्हवर मावणारे लांबलचक नाव सर्व्हरचा मोठा पत्ता पुढे लागल्यावर मर्यादेबाहेर जाते आणि फोल्डर हलवताना नेमकी तीच फाइल अडते. ‘अंतिम’, ‘सुधारित अंतिम’, ‘साहेबांनी पाहिलेली सुधारित अंतिम’ अशी नावे ठेवण्याची हौस इथे अंगाशी येते.

‘ऑफलाइन फाइल्स’ सोय की सापळा?

लॅपटॉप घेऊन दौऱ्यावर गेलेल्याला सर्व्हर दिसणार नाही, हे उघड आहे. म्हणून विंडोज रीडायरेक्ट केलेल्या फोल्डरची एक प्रत लॅपटॉपवर लपवून ठेवते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये ‘सीएससी’ नावाचा हा साठा असतो. सर्व्हर नसताना काम या प्रतीवर होते आणि जोडणी आली की दोन्हीकडचे बदल जुळवले जातात. व्यवस्था सुरेख आहे. पण फायली खरोखर हरवतात त्यातल्या बऱ्याच इथेच.

कारण असे की संगणक ऑफलाइन कामात गेला आहे हे वापरकर्त्याला कळतच नाही. सर्व्हरचा प्रतिसाद संथ झाला तरी विंडोज आपोआप प्रतीवर काम करू लागते. विंडोज ८ पासून ही मूळ मर्यादा ३५ मिलिसेकंदांची आहे. शाखा कार्यालयातून मुख्यालयाच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ती सहज ओलांडली जाते. ‘नेहमी ऑफलाइन’ असा एक प्रकारही आहे. त्यात काम सतत प्रतीवरच होते आणि जुळवणी मूळ रचनेत दर दोन तासांनी होते. एखाद्या फाइलवर जुळवणी अडली, म्हणजे तीच फाइल दोन्हीकडे बदललेली असली, की ‘सिंक सेंटर’मध्ये संघर्षाची नोंद पडते. तिथे कुणी फिरकत नाही. पाहता पाहता काही आठवड्यांचे काम फक्त त्या एका लॅपटॉपच्या लपलेल्या साठ्यात उरते.

मग तक्रार येते की दुसऱ्या संगणकावर जुनीच फाइल दिसते. आयटीवाला साठा बिघडल्याचे निदान करतो आणि तो रिकामा करण्याची प्रसिद्ध युक्ती वापरतो. रजिस्ट्रीत ‘फॉरमॅट डेटाबेस’ची नोंद करायची आणि रीस्टार्ट द्यायचा. साठा कोरा होतो, दोष जातो आणि सर्व्हरपर्यंत न पोहोचलेल्या फायलींची एकमेव प्रतही जाते. लॅपटॉप फॉरमॅट केला तरी परिणाम तोच. म्हणून क्रम असा हवा. आधी सिंक सेंटर उघडून अडकलेल्या फायली पाहायच्या. मग त्या नेटवर्क तोडलेल्या अवस्थेत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या, उघडून खात्री करायची आणि त्यानंतरच साठ्याला हात लावायचा. डेस्कटॉप संगणक कायम कार्यालयात असतात, तिथे ऑफलाइन फाइल्स बंदच ठेवणे अनेकदा सोयीचे ठरते. आउटलुकच्या पीएसटी फायली तर अशा फोल्डरमध्ये ठेवूच नयेत. नेटवर्कवरून पीएसटी वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

सर्व्हर बदलताना सर्वांत मोठा धोका कोणता?

जुना सर्व्हर निवृत्त होतो, नवा येतो आणि धोरणात पत्ता बदलला जातो. पुढच्या लॉग-इनला विंडोज जुन्या पत्त्यावरून फायली उचलून नव्यावर नेते. म्हणजे ही हलवाहलव प्रत्येकाच्या लॉग-इननंतर होते, धोरण बदलल्याच्या क्षणी नाही. शनिवारी पत्ता बदलून रविवारी जुना सर्व्हर बंद केला तर सोमवारी सगळ्यांचीच हलवाहलव अडते. प्रसूती रजेवर असलेली कर्मचारी सहा महिन्यांनी परतते, तेव्हाही तिचा संगणक आधी जुना सर्व्हरच शोधतो. तोवर तो भंगारात गेलेला असतो.

याहून भयंकर प्रसंग वेगळा आहे आणि तो कमी लोकांना ठाऊक आहे. समजा सर्व्हर तोच आहे, शेअरही तोच, फक्त पत्ता लिहिण्याची पद्धत बदलली. आधी सर्व्हरचे आखूड नाव होते, आता डोमेनसह पूर्ण नाव लिहिले. किंवा डीएफएसचा नवा पत्ता दिला, जो अखेर त्याच शेअरकडे जातो. विंडोजच्या दृष्टीने हे दोन वेगळे पत्ते. ती जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर फायली नेते आणि मग जुन्या पत्त्यावरच्या पुसते. दोन्ही एकच असल्याने पुसल्या जातात त्या मूळ फायलीच. मायक्रोसॉफ्टनेच या धोक्याची नोंद धोरणाच्या वर्णनात केली आहे. त्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या धोरणांत एक वेगळे धोरण दिले आहे. जुने व नवे ठिकाण एकाच शेअरकडे जाते का, हे आधी तपासायला ते सांगते. ते चालू असेल तर विंडोज जुन्या जागी एक तात्पुरती फाइल ठेवून पाहते. तीच नव्या जागीही दिसली तर फक्त पत्ता बदलते, फायलींना हात लावत नाही. हे धोरण मूळ रचनेत चालू नसते. इतक्या घातक गोष्टीचा संरक्षक खटका बंद अवस्थेत का यावा, याचे पटणारे कारण शोधणे अवघड आहे.

सर्व्हरवर आहे म्हणजे बॅकअप आहे का?

नाही. सर्व्हरवरचे फोल्डर ही मूळ प्रतच असते, दुसरी प्रत नव्हे. कर्मचाऱ्याने चुकून पुसलेली फाइल सर्व्हरवरूनच पुसली जाते. त्याच्या संगणकात खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले तर त्याला जिथे जिथे लिहिण्याची परवानगी आहे ते सगळे कुलूपबंद होते, सर्व्हरवरचे फोल्डर धरून. सर्व्हरवर ‘शॅडो कॉपी’ चालू असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून कालची-परवाची फाइल स्वतःलाच परत मिळवता येते. कोरे डॉक्युमेंट्स पाहून घाबरलेल्याने हे पान एकदा उघडून पाहायला हवे. पण शॅडो कॉपीही त्याच सर्व्हरवर असते, त्यामुळे वेगळ्या ठिकाणचा बॅकअप लागतोच.

पिक्चर्स वळवलेले असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोबाइल चार्जिंगला लावून मुलांचे फोटो कार्यालयीन संगणकावर उतरवले की ते कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिच्या बॅकअपमध्येही जातात. नोकरी सोडल्यावर ते पुसून घेणे आपल्या हातात राहत नाही.

फायली दिसत नसतील तर कर्मचाऱ्याने काय करावे?

मुख्यतः काय करू नये, हे कळले तरी पुरे. रिकाम्या डॉक्युमेंट्समध्ये नव्याने काम सुरू करू नये, कारण मग दोन ठिकाणी दोन संच तयार होतात आणि ते जुळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. पत्ता आपल्या हाताने बदलू नये. प्रोफाइल पुसायला किंवा फॉरमॅट करायला संमती देण्याआधी ‘सिंक सेंटर पाहिले का?’ एवढे विचारावे. पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो काढावा आणि शेवटचे कधी, कोणत्या संगणकावर, कोणती फाइल नीट दिसली होती हे सांगावे. ‘काहीच दिसत नाही’ यापेक्षा ‘गुरुवारी चारपर्यंत दिसत होते, मधे लॅपटॉप घरी नेला होता’ ही माहिती कितीतरी उपयोगाची. एक्सप्लोररच्या तळाशी ‘ऑफलाइन स्टेटस’समोर काय लिहिले आहे, तेही सांगता आले तर अ‍ॅडमिनचा तासभर वाचतो.

लॉग-इन होताच ‘तात्पुरत्या प्रोफाइल’चा संदेश आला असेल तर ते दुखणे निराळे आहे. तिथे वॉलपेपर, शॉर्टकट, ब्राउझरची बुकमार्कही गेलेली दिसतात. त्या अवस्थेत संगणकावर सेव्ह केलेले लॉग-ऑफ होताच पुसले जाते, म्हणून काम थांबवणे हाच उपाय.

आता वनड्राइव्ह आल्यावर हे सगळे कालबाह्य झाले का?

अनेक कंपन्यांनी मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतले आहे. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये हलवण्याची ‘नोन फोल्डर मूव्ह’ ही सोय २०१८ पासून आहे. घरून काम करणाऱ्यांना ती कितीतरी सोपी, कारण व्हीपीएन लागत नाही आणि जुन्या आवृत्त्याही मिळतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्या निमित्ताने संगणक बदलताना बऱ्याच कार्यालयांत या स्थलांतराचा विषय निघतो. पण आतला सर्व्हर, मर्यादित इंटरनेट किंवा माहिती बाहेर न नेण्याचा नियम असलेल्या ठिकाणी जुनीच पद्धत चालू आहे आणि ती चालेलही.

अडचण होते ती दोन्ही एकाच वेळी लावल्यावर. ग्रुप पॉलिसी म्हणते डॉक्युमेंट्स सर्व्हरवर, वनड्राइव्ह म्हणते माझ्याकडे. अशा वेळी वनड्राइव्ह ते फोल्डर घेण्यास नकार देते आणि कर्मचाऱ्याला अर्थ न लागणारी सूचना दिसत राहते. जुने धोरण आधी बंद करायचे, पण फोल्डर व फायली सर्व्हरवरच राहू द्यायच्या. मग वनड्राइव्हचे धोरण लावायचे आणि सर्व्हरवरचा साठा स्थलांतराच्या साधनाने क्लाउडमध्ये न्यायचा, असे करता येते. या मधल्या काळात कर्मचाऱ्यांना रिकामे डॉक्युमेंट्स दिसणार, हे गृहीत धरावे लागते. तशी सूचना आदल्या दिवशी सगळ्यांना गेली नसेल तर हेल्पडेस्कचा फोन सकाळी नऊपासून वाजत राहतो.